ज्या वयाची शांत नसते

मराठी घरात पन्नाशी आली की शांतीचा विषय निघतो. ५०व्या वर्षी वैष्णवी, ५५व्या वर्षी वारुणी, साठीला उग्ररथ, पासष्टीला मृत्युंजय, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री आणि ऐंशीच्या घरात सहस्रचंद्रदर्शन. कलश मांडतात, होम होतो, लेकीसुना ओवाळतात आणि उताराला लागलेल्या देहासाठी पुढच्या वाटचालीचे बळ मागतात. त्याआधीचे संस्कार सगळे चढणीवरचे: बारसे, उष्टावण, जावळ, मुंज, लग्न. लग्नाचा मांडव उतरला की थेट पन्नाशीपर्यंत माणसाच्या स्वतःच्या नावाने कलश मांडला जात नाही. त्या मोकळ्या पट्ट्याच्या मधोमध पस्तिशी येते.

शास्त्राने या वयाला काही दिले नाही, पण आयुष्याचा हिशेब माणसे याच वयात करू लागतात. काय व्हायचे होते, काय झाले, कोण बरोबर होते, त्यातले कोण उरले. हा हिशेब आजच्या नोकरदारांनीच पहिल्यांदा मांडला असे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात तो फार मोलाने मांडला गेला आणि त्यातून ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यांची नावे आजही बसथांब्यांवर आणि शाळांच्या कमानींवर आहेत.

त्या काळची पस्तिशी समजून घ्यायची तर आधी काही आकडे पाहावे लागतात. १८८१ ते १९११ या काळातल्या जनगणनांवरून अभ्यासकांनी काढलेले हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान २३ ते २५ वर्षांच्या आसपास आहे. याचा अर्थ लोक पंचविशीत म्हातारे होत असा नव्हे. सरासरी खाली ओढत होती ती पाळण्यातली मरणे. बालपण आणि बाळंतपण निभावून गेलेला माणूस साठी-सत्तरी गाठू शके. पण पस्तिशीला पोचलेल्या प्रत्येकाच्या मागे गेलेल्यांची मोठी रांग असे: भावंडे, पहिली बायको किंवा नवरा, दोन-चार मुले. पस्तिशीचा माणूस तेव्हा तरुण म्हणवला जात नसे. तो जगून राहिलेला माणूस असे.

मराठी विद्वानांची नुसती नावे आठवली तरी हे लक्षात येते. विशीतच ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली गेले, तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, पुढच्या वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ उभे केले आणि १७ मार्च १८८२ रोजी वयाच्या ३१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गोपाळ गणेश आगरकर ३८ वर्षे जगले. या माणसांना मागे वळून पाहायला फुरसतच मिळाली नाही, किंवा मिळाली ती दम्याच्या उबळीत अंथरुणावर.

बायकांचा हिशेब आणखी वेगळा होता. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, पंधराव्या-सोळाव्या वर्षी पहिले मूल, त्या मुलीचेही दहाव्या वर्षी लग्न. या चालीने पस्तिशीच्या आत-बाहेर बाई आजी होत असे. आणि नवरा वारला असेल, तर ती सोवळी होऊन वीस-पंचवीस वर्षे माजघरात वावरत असे. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता दिली होती. पण कायद्याचा कागद मुंबई-पुण्याच्या वाड्यांतल्या माजघरांपर्यंत पोचायला अजून बराच अवकाश होता.

अशा त्या काळात, १८५८ सालच्या एप्रिल महिन्यात, पाच दिवसांच्या अंतराने दोन मुले जन्मली. १८ एप्रिलला कोकणात खेडजवळच्या शेरवलीला आजोळी धोंडो केशव कर्वे, आणि २३ एप्रिलला पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातल्या आश्रमात रमा डोंगरे. दोघेही चित्पावन आणि दोघांच्या घरी गरिबी. पस्तिशी दोघांनी पुण्यातच गाठली. १८९३ हे ते वर्ष.

कर्व्यांची पहिली पस्तीस वर्षे म्हणजे उशिरांची मालिका. त्यांचे गाव दापोलीजवळचे मुरूड. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून चार दिवस पायी चालत साताऱ्याला गेला. तिथे परीक्षकांनी त्याच्या किरकोळ देहाकडे पाहून वय कमी ठरवले आणि परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे ती परीक्षा त्याने कोल्हापूरला दिली. मॅट्रिक झाला तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्याच्याहून आठ वर्षांनी लहान असलेला गोपाळ कृष्ण गोखले हा मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात त्याच्याबरोबर शिकत होता. दोघेही १८८४ साली पदवीधर झाले. लग्न मात्र उशिरा झाले नव्हते. १४व्या वर्षीच बोहल्यावर चढवून ८ वर्षांच्या राधाबाईंशी त्याची गाठ बांधली गेली होती.

पदवीनंतर कर्व्यांनी मुंबईत बस्तान बसवले. मुलींच्या शाळांत आणि मराठा हायस्कुलात शिकवणे, भल्या पहाटेपासून शिकवण्या आणि मिळकतीतला ठरावीक हिस्सा मुरूडच्या सार्वजनिक कामांसाठी बाजूला काढणे असा त्यांचा क्रम होता. कोकणातून आलेल्या पदवीधराने यापेक्षा अधिक काय मागावे? १८९१ साली ही घडी मोडली. राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या अवघ्या २७ वर्षांच्या होत्या. मागे राहिला नऊ वर्षांचा रघुनाथ, जो पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून संततिनियमनासाठी एकहाती झुंजला.

त्याच वर्षी पुण्याहून बोलावणे आले. ते का आले, यामागे आणखी एक पस्तिशी आहे.

आगरकर आणि टिळक दोघेही १८५६ सालचे. डेक्कन कॉलेजच्या टेकड्यांवर फिरता फिरता दोघांनी सरकारी नोकरी न करण्याचे ठरवले होते. कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. त्या आयुष्यावर दोघांचीही सारखीच मालकी होती. पण तिशी उलटली आणि वाटा फुटल्या. आधी समाजसुधारणा की आधी राजकारण, हा वाद त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या कारभारात आणि पगाराच्या प्रश्नांत शिरला. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि वर्षभराने ‘सुधारक’ काढला. १८९०च्या अखेरीस टिळक ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते, तीच सोडून बाहेर पडले. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. विशीतल्या स्वप्नाचा आपला वाटा त्यांनी मागे ठेवला आणि वर्तमानपत्र व राजकारण यांना उरलेले आयुष्य वाहिले. आगरकर फर्ग्युसन कॉलेजात राहिले आणि १८९२ साली प्राचार्य झाले. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तीही त्यांना पाहावी लागली. १८९५च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीसाठी लागणारे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवलेले सापडले. आपल्याकडे किती दिवस उरले आहेत याचा इतका स्वच्छ अंदाज फार थोड्यांना येतो.

टिळक फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत. त्यांच्यामागे गणिताला माणूस हवा होता आणि तिथेच असलेल्या गोखल्यांना आपला एल्फिन्स्टनचा वर्गबंधू आठवला. १८९१ सालीच कर्वे पुण्यात फर्ग्युसनला रुजू झाले. पुढे ते सोसायटीचे आजीव सभासद झाले, म्हणजे तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे काम करण्याच्या शपथेने बांधले गेले. एकाने सोडून दिलेले आयुष्य दुसऱ्याला नवे आयुष्य म्हणून मिळाले.

आता प्रश्न होता लग्नाचा. ३३ वर्षांचा, प्राध्यापकाची नोकरी असलेला बिजवर म्हणजे त्या काळच्या बाजारात उत्तम स्थळ. दहा-बारा वर्षांच्या मुलींचे बाप उंबरे झिजवीत. हाच प्रसंग १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांवर आला होता. ते तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले त्यांचे नाव मोठे होते. तरीही वडिलांच्या शब्दापुढे मान तुकवून त्यांनी ११ वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. त्या मुलीला शिकवून त्यांनी रमाबाई रानडे घडवल्या हे खरे, पण त्या लग्नाचा ठपका जन्मभर त्यांच्या माथी राहिला. कर्वे यांच्यासमोर तोच पेच वीस वर्षांनी उभा राहिला. त्यांनी ठरवले की लग्न करायचे तर विधवेशीच.

वधू मिळाली ती पंडिता रमाबाईंच्या, म्हणजे त्या रमा डोंगरेंच्या, संस्थेतून. त्यासाठी आधी त्यांच्याकडे वळायला हवे.

रमाबाईंची पस्तीस वर्षे कर्व्यांच्या अगदी उलटी. त्यांच्या आयुष्यात सगळे फार लवकर झाले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून धर्मसभांना तोंड दिले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत हिंदुस्थानभर पायी फिरत राहिले. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण एकामागून एक गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. पुढच्या वर्षी मनोरमा झाली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पतीही गेले. वयाच्या २४व्या वर्षी रमाबाईंच्या रक्ताचे म्हणून जगात कडेवरचे एक मूल तेवढे उरले होते.

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून त्या पुस्तकाच्या पैशांवर इंग्लंडची बोट धरली. १८८३ साली वॉन्टेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरकीची पदवी मिळताना पाहायला. पदवीदानाचा तो दिवस ११ मार्चचा. वर्षाच्या आत आनंदीबाई गेल्या, जेमतेम २१ वर्षांच्या. रमाबाई अमेरिकाभर व्याख्याने देत फिरल्या आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसे पुरवण्याचे वचन देणारी रमाबाई असोसिएशन ही संस्था बोस्टनमध्ये स्थापन झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले.

सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई. आठव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच नवरा वारला. तिचे बंधू नरहरपंत हे कर्व्यांचे मुंबईतले स्नेही. दोन्ही कुटुंबे एकत्र राहत, त्यामुळे गोदूबाई आणि राधाबाई एकमेकींच्या परिचयाच्या होत्या. विशी उलटलेली ही बाई सदनात पाटीवर अक्षरे गिरवायला बसली. ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या चौथ्या वाढदिवशी, पुण्यात तिचे कर्व्यांशी लग्न झाले. गोदूबाईची आनंदीबाई झाली. पुढे सगळा महाराष्ट्र तिला बाया कर्वे म्हणून ओळखू लागला.

लग्नानंतर पाच आठवड्यांनी कर्व्यांना ३५ वर्षे पूर्ण झाली. गावाने त्याची भेट वेगळ्या रीतीने दिली. नवपरिणीत जोडपे मुरूडला गेले तेव्हा ग्रामस्थांनी सभा भरवून बहिष्काराचे ठराव केले. कर्व्यांशी बसण्याउठण्याचा व्यवहार ठेवायचा नाही आणि ते आईच्या घरी राहिले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे. ज्या गावासाठी ते वर्षानुवर्षे मिळकतीतला वाटा बाजूला काढीत होते, तेच हे गाव. कर्वे भांडले नाहीत. आईला त्रास नको म्हणून ते स्वतः वेगळे राहू लागले. गावासाठीच्या त्या फंडाचे काम मात्र त्यांनी सोडले नाही.

त्या काळी वाळीत पडणे म्हणजे काय, हे पुण्याला ताजे ठाऊक होते. १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटे समोर आल्यावरून जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, माजले, त्यात रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, मुलीला स्थळ मिळत नाही, विहिरीवर कुजबुज चालते, असा तो जाच होता. पन्नाशीतल्या रानड्यांना घरच्यांसाठी नमते घ्यावेसे वाटले यात नवल नव्हते.

आणि त्याच १८९३च्या उन्हाळ्यात दुसऱ्या पस्तिशीवरही वादळ चालून आले.

सदनात धर्मप्रचार होणार नाही, हे आश्वासन पुण्याच्या सल्लागार मंडळाला दिलेले होते. मंडळात रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे लोक होते. पण १८९१च्या सुमारास रमाबाईंच्या मनात एक मोठी उलथापालथ झाली होती. बाप्तिस्म्याला आठ वर्षे उलटल्यावर त्यांना जाणवले की आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हा शोध मोकळेपणाने सांगितला आहे. रोज सकाळी त्या मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावलेले नव्हते आणि हाकलूनही लावले जात नव्हते.

‘केसरी’ने टीकेचा भडिमार केला. पालकांनी मुली काढून नेल्या. ऑगस्ट १८९३मध्ये रानडे, भांडारकर आणि त्यांचे सहकारी सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुण्यातल्या सुधारकांचा हात ज्या बाईच्या पाठीवर अकरा वर्षे होता, तो त्या महिन्यात निघाला. दार लावून घेतले असते तर वाद बहुधा मिटला असता. रमाबाईंनी ते लावले नाही.

यात कोण बरोबर, हा प्रश्न आजही सुटण्यासारखा नाही. मुली अल्पवयीन होत्या, आश्वासन दिलेले होते आणि आई-बापांचा विश्वास खोटा नव्हता. दुसरीकडे, ज्या बाईने आई-बाप, बहीण, भाऊ आणि नवरा यांना मूठमाती दिल्यावर स्वतःच्या शोधाने एक श्रद्धा मिळवली होती, तिने आपल्याच खोलीत चोरून प्रार्थना करावी ही अपेक्षाही सोपी नव्हती. इतिहासाला दिसते ते एवढेच की ३५व्या वर्षी रमाबाईंनी पुण्याच्या पसंतीचा नाद सोडला. कर्व्यांनी मुरूडच्या पसंतीचा नाद त्याच वर्षी सोडला होता.

आयुष्याशी जुळवून घेणे या शब्दांचा अर्थ आपण बहुतेक वेळा हार पत्करणे असा करतो. या दोघांच्या बाबतीत त्याचा अर्थ फार नेमका होता. कुणाकुणाच्या होकाराविना आपले चालेल, याची त्यांनी यादी केली आणि उरलेल्या बळावर कामाला लागले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे त्यांचे वागणे या एका निर्णयातून समजते.

कर्व्यांनी १८९३ सालीच ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ काढली. दोन वर्षांनी तिचे नाव बदलले आणि ती ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ झाली. वरवर पाहता नाव लांबले इतकेच. पण त्यात कर्व्यांचा सगळा स्वभाव उतरला आहे. लग्नाला उत्तेजन द्यायचे नाही, जिला करायचे आहे तिच्या वाटेतली अडचण दूर करायची. आपल्या ताकदीचे माप घेऊन त्यांनी दावा लहान केला आणि काम वाढवले. लग्नापेक्षा शिक्षणाची गरज अधिक बायकांना आहे, हेही त्यांना याच काळात उमगले. शारदा सदनावरचा हिंदू समाजाचा विश्वास उडाल्याने जी पोकळी झाली होती, ती भरायला हवी होती. १४ जून १८९६ रोजी ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’ स्थापन झाली. अध्यक्ष भांडारकर, चिटणीस कर्वे.

प्लेगने पुणे रिकामे होऊ लागले तेव्हा १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर माळावर एक झोपडी उभी राहिली. कॉलेजातले तास संपवून कर्वे रोज संध्याकाळी हिंगण्याची वाट पायी तुडवीत. पावसाळ्यात चिखल, वाटेत काटे, पाठीवर आश्रमाला लागणारे सामान. रात्री तिथे राहायचे, पहाटे उठून परत यायचे आणि फळ्यावर गणित लिहायला उभे राहायचे. पन्नाशीकडे झुकलेला माणूस हे वर्षानुवर्षे करीत होता. साताऱ्याच्या परीक्षकांना ज्याचा देह किरकोळ वाटला होता, तोच हा माणूस.

कर्व्यांच्या जुळवून घेण्याला मर्यादाही होत्या आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. आश्रमावर संकट नको म्हणून त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीतून अंग काढून घेतले. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या माणसाने आश्रमातल्या विधवांच्या लग्नाबद्दल मौन पाळले, हे अनेक सुधारकांना रुचले नाही. सुरुवातीच्या काळात आश्रमात ब्राह्मण विधवांनाच जागा होती. मिळेल तो पैसा आश्रमात ओतणाऱ्या नवऱ्याचा संसार रेटताना झालेली ओढाताण आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’मध्ये हातचे न राखता सांगितली आहे. १८९३च्या लग्नाची तीही एक बाजू होती आणि ती बाईच्या वाट्याला आली.

आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विशीतच विधवा झाल्या. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या. पस्तिशीच्या सुमारास त्या केशवपन केलेल्या विधवेच्या वेषात गावोगाव सभा घेत आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत होत्या. सोवळ्या बाईने चारचौघांत उभे राहून बोलणे लोकांना नवे होते, पण तिच्या वेषामुळे त्यांना तिचे ऐकूनही घ्यावे लागे. तो वेष त्यांनी १९१२ साली उतरवला. नंतर इंग्रजी शिकण्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि परत येऊन ‘माझी कहाणी’ लिहिली. मराठी बाईच्या पस्तिशीत माजघरापलीकडे काहीतरी घडू शकते, हे तोवर अनेक गावांनी डोळ्यांनी पाहिले होते.

रमाबाईंची वाट केडगावला गेली. अमेरिकेतल्या मदतीची दहा वर्षांची मुदत कधीतरी संपणार होती, म्हणून पस्तिशीनंतर त्या स्वतःच्या पायांवर उभे राहण्याच्या विचाराला लागल्या. पुण्यापासून ३४ मैलांवर, दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत त्यांनी सुमारे १०० एकर जमीन घेतली. विहिरी खणायच्या, फळझाडे लावायची आणि उत्पन्नातून सदन चालवायचे, असा तो साधा शेतकरी हिशेब होता. इतक्यात १८९६-९७चा दुष्काळ आला. ज्या भुकेने विशीच्या आत त्यांचे आई-बाप नेले होते, तीच भूक मध्य प्रांतातून चालत येत होती. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इथे जातीची अट नव्हती. आंधळ्या होत्या, आजारी होत्या, रस्त्यावर टाकून दिलेल्या होत्या. माग, तेलघाणा, छापखाना, दुग्धशाळा, शेती हे सगळे बायका चालवीत.

छापखान्यातले सर्वांत मोठे काम रमाबाईंनी शेवटी हाती घेतले. साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि एकटीने भाषांतर करीत राहिल्या. जुळणी आणि छपाई केडगावच्या बायकांनीच केली. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर दोन वर्षांनी बाहेर पडला.

कर्व्यांचे मात्र अजून निम्मे आयुष्यही सरले नव्हते, असे म्हणावे इतके पुढचे पर्व लांबले. १९१५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले. मागे वळून पाहण्याचे ते वय होते. पण त्याच वर्षअखेरीस सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाच्या धर्तीवर इथेही विद्यापीठ हवे असे सांगितले. १९१६ साली, ५८व्या वर्षी, त्यांनी ते सुरूही केले. विठ्ठलदास ठाकरसींच्या १५ लाखांच्या देणगीनंतर १९२० साली त्याला नाथीबाई दामोदर ठाकरसींचे नाव मिळाले. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे युरोप, अमेरिका, जपान, आफ्रिका असे फिरून आले आणि विद्यापीठासाठी पैसे जमवीत राहिले. वयाच्या सगळ्या शांती एकेक करून मागे पडल्या.

१८ एप्रिल १९५८ रोजी त्यांना १०० वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. जन्मशताब्दीचे टपाल तिकीट निघाले. हयात असताना स्वतंत्र भारताच्या तिकिटावर आलेले ते पहिले गृहस्थ. हिंगण्याच्या माळाला लोक कर्वेनगर म्हणू लागले, आणि त्यांच्या पायवाटेच्या दिशेने जाणारा रस्ता आज कर्वे रस्ता आहे. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले तेव्हा १०४ वर्षांचे होते.

त्या शताब्दीनंतर पाचच दिवसांनी, २३ एप्रिल १९५८ला, रमाबाईंच्या जन्मालाही १०० वर्षे झाली. त्यांचे टपाल तिकीट निघायला १९८९ साल उजाडले. केडगावचे मुक्ती मिशन अजून चालू आहे. त्यांनी आखलेल्या फळबागेच्या जमिनीवर आजही मुली राहतात, शिकतात, आणि त्यातल्या पुष्कळजणींना त्यांच्या घरच्यांनी नको म्हटलेले असते.